मोबाइल पोराजवळ असतो

रोवणीचे दिवस होते. पवनी तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी सातला आमची बैठक ठरली होती. बायका बांधीतून परतून, हातपाय धुऊन, चुलीवर भात चढवून येईपर्यंत साडेआठ झाले. विषय होता अंगात रक्त कमी असण्याचा. आमच्या एका कार्यकर्तीनं सुरुवातीलाच विचारलं, "गावाच्या ग्रुपवर परवा लोहाच्या गोळ्यांचं चित्र आलं होतं. पाहिलं का कोणी?" बायका एकमेकींकडे बघून हसल्या. मग मागं बसलेली एक पन्नाशीची बाई म्हणाली, "मोबाइल त पोराजवळ रायते. तो मले काहून दाखवन?"

पोरगा मेसेज लपवतो असं तिला म्हणायचं नव्हतं. पोरगा बरा आहे, आईला जीव लावतो. पण बायकांच्या गोळ्यांचं चित्र त्याला त्याचं वाटलं नाही आणि त्यानं ते बोटानं वर सरकवलं. जिच्यासाठी ते होतं तिच्यापर्यंत ते आलंच नाही. ज्यांनी पाठवलं त्यांच्या हिशेबात मात्र ते 'पोहोचलं'.

गेल्या दहा-बारा वर्षांत आरोग्याचं सांगणं-सवरणं झपाट्यानं मोबाइलवर गेलं आहे. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, केंद्राचं आणि राज्याचं आरोग्य खातं, स्वयंसेवी संस्था, खाजगी दवाखाने, सगळ्यांची फेसबुकवर पानं आहेत, इन्स्टाग्रामवर चित्रफिती आहेत, यूट्यूबवर डॉक्टरांची भाषणं आहेत. त्यातून गाळून उरलेलं गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन पडतं. याला नाकं मुरडण्याचं आम्हाला कारण नाही. आमच्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना आठवतं, एखादं भित्तिपत्रक मुंबई-पुण्याहून भंडाऱ्याला यायला महिने लागायचे. आल्यावरही ते आरोग्य केंद्राच्या कपाटात नीट गुंडाळून ठेवलेलं असायचं, कारण भिंतीवर लावलं तर खराब होईल! त्या मानानं आजचं बरंच म्हणायचं. करोनाच्या काळात तर मोबाइलनं पुष्कळांना हात दिला. मार्च 2020 मध्ये केंद्र सरकारनं आणि जागतिक आरोग्य संघटनेनं व्हॉट्सॲपवर माहिती देणारे क्रमांक सुरू केले. दुसऱ्या लाटेत खाट कुठे आहे, प्राणवायू कुठे मिळेल, हे पोरंपोरी रात्र रात्र जागून एकमेकांना कळवत होती. 6 ऑगस्ट 2021 ला भंडारा जिल्ह्यात उपचार घेणारा एकही करोना रुग्ण उरला नाही. राज्यात हे आधी भंडाऱ्यात घडलं, आणि ती बातमीही लोकांनी मोबाइलवरच वाचली. तोवर जिल्ह्यानं अकराशेहून जास्त माणसं गमावली होती.

मोबाइल हवाच. पण तो कोणाच्या हातात आहे, आणि त्यातून बाईला जे कळतं ते तिच्या काय कामाचं, हे विचारायला हवं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या बायकांना विचारलं होतं, की तुम्हाला स्वतःला वापरता येईल असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? शंभरातल्या जेमतेम 55 जणी 'हो' म्हणाल्या. इंटरनेट आयुष्यात एकदा तरी वापरलेल्या बायका शंभरात 38, पुरुष 61. खेड्यांतल्या बायका घेतल्या तर तो आकडा 24 च्या आसपास येतो. यात 'एकदा तरी' हे शब्द विसरू नका. लेकीनं एकदा व्हिडिओ कॉल लावून दिला, ती बाईही यात मोजली गेली असेल. त्यानंतर मोबाइल वाढले हे खरं. पण जुलै 2024 मध्ये मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा घरातला कोणता रिचार्ज आधी थांबला, हे आम्ही वेगळं सांगायला नको. त्याच महिन्यात लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायची झुंबड उडाली होती. बाईच्या नावाची योजना, बाईचं आधार, बाईचं बँक खातं, आणि ओटीपी यायचा तो शेतावर गेलेल्या मुलाच्या मोबाइलवर. अर्ज भरणाऱ्या टेबलाशी बाई ताटकळत उभी. पैशाचं काम होतं म्हणून मुलगा धावत तरी आला. पांढरं पाणी जाण्याबद्दलच्या मेसेजसाठी कोण धावत येणार?

फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्र सरकारची 'किलकारी' योजना महाराष्ट्रात सुरू झाली. गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक फोन, एकूण 72 फोन. ध्वनिमुद्रित आवाज पुढं काय काळजी घ्यायची ते सांगतो. वाचता येत नसलं तरी चालतं, साधा मोबाइल असला तरी चालतं. कल्पना चांगली आहे. पण फोन जातो तो नोंदवहीत लिहिलेल्या नंबरवर, आणि तो नंबर पुष्कळदा नवऱ्याचा असतो. नवरा नागपूरला कामावर. त्याला दुपारी बारा वाजता स्तनपानाचा फोन येतो, तो ऐकतो न ऐकतो आणि बंद करतो. मुंबईच्या 'अरमान' संस्थेच्या 'एममित्र' या अशाच उपक्रमात फोन कोणत्या वेळी यावा हे बाईला आधी विचारलं जातं. एवढीशी गोष्ट, पण ती सुचायला बाईचा दिवस कसा जातो हे माहीत असावं लागतं. भंडाऱ्यात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईला दुपारी बाराचा फोन काय कामाचा?

आता मेसेजमध्ये काय असतं ते बघू.

मराठीत 'सूचना' आणि 'माहिती' असे दोन शब्द आहेत. सूचना म्हणजे तू असं कर. माहिती म्हणजे हे असं आहे. आता तू ठरव. आरोग्य संस्थांच्या समाजमाध्यमांवर बायकांसाठी जे येतं त्यात सूचनांचा पाऊस असतो. पालेभाज्या खा, गूळ-शेंगदाणे खा, गोळ्या चुकवू नका, तपासणीला या, दवाखान्यातच बाळंत व्हा. यातलं एकही चुकीचं नाही. पण त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त, शंभरात 54, रक्तक्षयी निघाल्या. त्या सगळ्या काय पालेभाजी खायची विसरल्या होत्या? घरात शेवटी कोण जेवतं, उरलंसुरलं कोणाच्या ताटात येतं, हे त्या चित्रात नसतं. गोळीनं शौचाला काळं होतं, पोट जड होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे नसतं. बायका गोळ्या सोडतात त्या बहुतेक याच भीतीनं. आणि उपकेंद्रात या महिन्यात गोळ्या आहेत की संपल्यात, हे तर कधीच नसतं.

मोहिमांची नावंही पाहा. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य सरकारनं नवरात्रात मोहीम काढली, 'माता सुरक्षित तर घर सुरक्षित'. अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची तपासणी करायची होती, हेतू चांगलाच. सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राची मोहीम आली, 'स्वस्थ नारी, सशक्त परिवार'. दोन्हींची चित्रं, फिती, घोषणा मोबाइलवर धो धो आल्या. बाई धड राहिली पाहिजे, कारण घर धड राहिलं पाहिजे. एकट्या बाईनं, मूल नसलेल्या बाईनं, टाकलेल्या बाईनं कोणासाठी धड राहायचं? तिचं गुडघ्याचं दुखणं कोणत्या घोषणेत बसतं?

प्रश्न न ऐकता नुसतं सांगत गेलं की काय होतं, याचा धडा 2021 मध्येच मिळाला होता. 1 मे पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना करोनाची लस खुली होणार होती. त्याआधी आठवडाभर एक मेसेज देशभर फिरला: पाळीच्या पाच दिवस आधी आणि पाच दिवस नंतर मुलींनी लस घेऊ नये. तो खोटा होता. 24 एप्रिलला केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयानं तो खोटा असल्याचं जाहीर केलं, आणि ते योग्यच केलं. पण लस घेतल्यावर कित्येक जणींना पाळीत फरक जाणवला होता. कोणाची लांबली, कोणाला जास्त गेलं. आमच्याही बैठकांत बायका हे बोलत होत्या, दबक्या आवाजात, कारण बोललं की 'अफवा पसरवता' असं ऐकावं लागे. पुढं जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतला अभ्यास प्रसिद्ध झाला, सुमारे चार हजार बायकांचा. लसीनंतर पाळीचं चक्र सरासरी एका दिवसाहून कमी लांबतं आणि लवकरच पूर्ववत होतं, असं त्यात दिसलं. त्याच वर्षी अनेक देशांतल्या जवळपास वीस हजार बायकांच्या मोठ्या अभ्यासातही तेच दिसलं. म्हणजे बायका सांगत होत्या ते खरं होतं, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नव्हतं हेही खरं होतं. लसींच्या चाचण्यांमध्ये पाळीबद्दल नीट विचारलंच गेलं नव्हतं, म्हणून 2021 च्या मे महिन्यात हे सांगायला कोणाजवळ उत्तर नव्हतं. पण उत्तर नव्हतं असं तरी सांगता आलं असतं. 'पाळीत थोडा फरक जाणवला तर आम्हाला कळवा' असं एक वाक्य त्या चित्रावर असतं, तर खोट्या मेसेजला पाय फुटले नसते. आपल्या अंगात घडतंय ते सरकार नाकारतंय असं वाटलं, की बाई शेजारणीच्या मेसेजवर विश्वास ठेवते. तिचं काय चुकलं?

आणि एक गोष्ट भंडाऱ्यात बसून लिहिताना टाळता येत नाही. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाला आग लागली. 17 बाळं आत होती. सात वाचली, दहा गेली. त्या आयांनी सगळ्या सूचना पाळल्या होत्या. घरी बाळंत होऊ नका, दवाखान्यात या. बाळ कमी वजनाचं असेल तर अतिदक्षता विभागात ठेवा. त्या आल्या, त्यांनी ठेवलं. त्या विभागात आग विझवायची काय सोय आहे, तपासणी केव्हा झाली, रात्री किती जणी कामावर असतात, हे त्यांना कोणत्या मेसेजनं कळलं असतं? आगीनंतर राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेश निघाले. पण आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाची तपासणी झाली का आणि तिच्यात काय निघालं, हे आज कोणत्याही गावाच्या ग्रुपवर चित्र होऊन येत नाही. आरोग्य संस्था बाईच्या वागणुकीबद्दल रोज बोलतात, स्वतःबद्दल बोलत नाहीत. वास्तविक भूलतज्ज्ञ कोणत्या वारी असतो, सोनोग्राफी बंद आहे का, रक्तपेढीत कोणतं रक्त आहे, गाडी दुरुस्तीला गेली आहे का, याच्याइतकी उपयोगी आरोग्यमाहिती दुसरी नाही. लाखांदूरहून दिवस भरलेल्या लेकीला घेऊन निघालेल्या आईला विचारा.

या सगळ्या मेसेजांचं ओझं शेवटी वाहते तीही बाईच. आशा आणि अंगणवाडी सेविका. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं, ते आठवत असेल. तापणारे, मध्येच बंद पडणारे मोबाइल, आणि त्यात इंग्रजीतलं 'पोषण ट्रॅकर'. ऑक्टोबर 2023 मध्ये आशांनी संप केला तेव्हाही मानधनाबरोबर ऑनलाइन कामांची सक्ती नको ही मागणी होती. गरोदर बाईच्या घरी गेलं की आधी फोटो. फोटो ग्रुपवर टाकला की काम झालं. बोलणं झालं का, हे फोटोत दिसत नाही. आमची एक आशा मैत्रीण म्हणते, "आधी मी घरी गेली का बाई चाय मांडे. आता पदर सावरून उभी रायते, फोटोसाठी."

हे फोटो कोणकोण बघतं? गावाच्या ग्रुपवर सासरचे असतात, शेजारचे असतात, सरपंच असतो. करोनात राज्यभर रुग्णांची नावं, तपासणीचे कागद सर्रास मोबाइलवर फिरले आणि माणसं वाळीत पडली. उद्या त्याच वाटेनं एखादीचा क्षयरोग, एखादीचा गर्भपात गेला तर? गर्भपाताचा कायदा 1971 चा. 2021 च्या दुरुस्तीनं काही परिस्थितीत मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढली, आणि 29 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की यात अविवाहितेला वेगळं काढता येणार नाही. बाईचं नाव गुप्त ठेवायला कायद्यानं डॉक्टर बांधलेला आहे. ही खरी माहिती. गूळ-शेंगदाण्याच्या चित्राबरोबर ही कितीदा आली तुमच्या मोबाइलवर?

सिकलसेलचंही तसंच. विदर्भात हा आजार जुना आहे. आदिवासी, दलित आणि काही ओबीसी समाजांत जास्त आढळतो. जुलै 2023 मध्ये केंद्रानं त्याच्या निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, आणि लग्नाआधी रक्त तपासा असे मेसेज वाढले. तपासावंच. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळ आजारी असण्याची. पण मेसेजमधलं 'दोघंही' गावात येईतो गळून पडतं. मुलाकडचे मुलीचं कार्ड मागतात. मुलाचं कार्ड मागायची छाती मुलीच्या बापाला होत नाही. आजारी मूल जन्मलं की 'तुझ्या माहेरचं रक्त'. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नव्हे, हेही कोणी सांगत नाही. अर्धी माहिती चांगल्या हेतूनं पाठवली तरी ती घरातल्या दुबळीच्याच अंगावर पडते.

मग करावं काय? शेजारच्या गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. शंभरातल्या 92 बायकांना स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. जगाला तोवर हे माहीत नव्हतं, कारण बायकांना कोणी विचारलंच नव्हतं. त्याच सुमारास राजस्थानात अजमेरकडच्या खेड्यांतल्या बायकांनी मिळून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार केलं. आधीच्या चित्रांत बाई नागडी दाखवली होती. गावातल्या बायका म्हणाल्या, आमच्या गावात अशी बाई कधी दिसते का? मग चित्रातल्या बाईला घागरा नेसवला आणि कागदाचा तो घागरा वर उचलला की आतलं शरीर दिसावं अशी सोय केली. छापलेल्या पुस्तकावर 75 बायका लेखिका आहेत. आजचे आपल्याकडचे मेसेज करणाऱ्यांनी एकदा तरी झाडीपट्टीतल्या चार बायकांपुढं आपलं चित्र ठेवलं असतं तर 'प्रसूतीपश्चात कालावधीत लोहयुक्त गोळ्यांचे सेवन' असली भाषा जन्माला आली नसती. 'अंगावरून जातं' हे बायकांना कळतं. 'योनीमार्गातील स्राव' वाचून त्या मोबाइल पालथा ठेवतात.

आम्ही त्या पवनीच्या बैठकीत शेवटी एवढंच केलं. एका मुलीच्या मोबाइलवर तेच गोळ्यांचं चित्र उघडलं, सगळ्यांना दाखवलं आणि म्हटलं, आता यात काय नाही ते सांगा. तासभर बायका बोलत होत्या. गोळी उपाशीपोटी घ्यायची का? चहाबरोबर चालते का? (चालत नाही, चहानं लोह अंगी लागत नाही, तास-दीड तासाचं अंतर ठेवा.) पाळी गेली त्यांनी घ्यायची का? नवऱ्याला द्यायची का, तोही पांढरा पडलाय? हे प्रश्न आम्ही आशाताईंकडून आवाज मुद्रित करून आरोग्य केंद्रात पाठवले. डॉक्टरीणबाईंनीही आवाजातच उत्तरं पाठवली, आणि ती पुढच्या शुक्रवारी चावडीजवळ बायकांनी घोळक्यानं ऐकली. एक मोबाइल, पंचवीस बायका. पोरगाही होता मागं उभा.

भाऊबिजेनंतर गावोगाव मंडई भरेल, दंडारी होतील. मंडईत एक टेबल टाकून हेच करायचं, असं भंडारा आणि लाखनीच्या मैत्रिणींनी ठरवलं आहे. आपापल्या तालुक्याच्या रुग्णालयात माहितीच्या अधिकारात विचारायचे तीन प्रश्नही काढले आहेत: अग्निसुरक्षेची शेवटची तपासणी कधी झाली, भूलतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस असतो, लोहाच्या गोळ्या गेल्या वर्षात किती दिवस नव्हत्या. अर्जाचा नमुना या अंकात शेवटच्या पानावर आहे. उत्तरं येतील ती आधी गावाच्या ग्रुपवर टाका, मग आम्हाला पाठवा. पोस्टकार्ड चालेल, आवाजातला निरोपही चालेल.